सारसाचा नाच: प्राइम की झूम?

इंदूरहून यशवंत सागर तलावावर सारस टिपायला निघायचं म्हटलं की वाद ठरलेला: कॅमेऱ्याला ६०० मिमीची प्राइम लेन्स (झूम न होणारी) की १००-४०० मिमीची झूम? जोडी लांब चरत असेल तर प्राइमला तोड नाही. लाल डोक्याची खडबडीत कातडीसुद्धा स्पष्ट येते. पण पावसाळ्यात नाच रंगला की गणित फिरतं. माणसाएवढा उंच पक्षी पंख पसरून उडी घेतो आणि प्राइममध्ये पंखाचं टोक हमखास कापलं जातं. शिवाय जोडीने साद घालताना नर पंख उचलतो, त्याच्या एका हाकेला मादीच्या दोन. तेव्हा दोघंही फ्रेममध्ये हवेतच. माझं मत झूमला, शटर १/२००० सेकंद. ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) चढेल, चढू दे. प्राइमसोबत ट्रायपॉडही आला, आणि माळव्याच्या काळ्या चिखलात तो रोवणं म्हणजे निराळीच कसरत.