विदेशी खेळाडूची पत्रिका वाचताना: ट्रान्सफरमार्क्ट गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना किती उपयोगी?

चवथीच्या आगेमागे एफसी गोवाचा नवा विदेशी खेळाडू जाहीर झाला की मडगावच्या रस-आमलेटच्या गाड्यापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत एकच प्रश्न असतो: हा कोण, बरा खेळतो मां? उत्तरासाठी बहुतेक जण ट्रान्सफरमार्क्ट उघडतात. 2000 साली जर्मनीत सुरू झालेलं, फुटबॉलपटूंच्या नोंदी ठेवणारं हे संकेतस्थळ फुकट आहे. भारतीय आवृत्ती इंग्रजीत आहे, आणि फोनवर जाहिराती मधे मधे येऊन बोटाखालची ओळ सरकवतात. खेळाडू कुठून कुठे गेला हे दाखवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं संकेतस्थळ सापडणं कठीण. पण पानावर सर्वांत ठळक दिसणारा आकडा, म्हणजे युरोमधली किंमत, हाच तिथला सर्वांत कमी कामाचा आकडा आहे.

नमुन्यासाठी आपल्या ओळखीची पत्रिका घेऊ: 2024 मध्ये गोव्यात आलेला सर्बियन विंगर (मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारा खेळाडू) देयान द्राझिच.

पहिली अडचण नावाची. सर्बियन भाषा आपल्यासारखीच उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. मात्र ती सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन लिप्यांत चालते, आणि लॅटिनमधली चिन्हं इंग्रजीत येताना गळून पडतात. मग वर्तमानपत्रांत ‘ड्राझिक’ छापून येतं. तिथे ‘जे’ हे अक्षर ‘य’ असतं, म्हणून डेजान नव्हे, देयान. शेवटच्या ‘सी’वर तिरकी रेघ असेल तर ‘चार’मधला च, चिन्ह काहीच नसेल तर ‘चाक’मधला च. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शोधताना चिन्हांची गरज नाही, साध्या इंग्रजी अक्षरांत आडनाव टाकलं तरी चालतं. पण एकाच आडनावाचे बरेच खेळाडू निघतात, त्यामुळे जन्मसाल आणि जन्मगाव आधी ताडून बघा. आपला द्राझिच 1995चा, सोंबोर गावचा.

पान उघडल्यावर थेट बदल्यांच्या यादीकडे जा. द्राझिचची वाट ओएफके बेओग्रादहून 2015 मध्ये स्पेनच्या सेल्टा व्हिगोकडे जाते, तिथून वायादोलिद, पुढे स्लोव्हाकियात स्लोवान ब्रातिस्लाव्हा, पोलंडमध्ये झाग्वेंब्ये लुबिन अशा थांब्यांनंतर 2024 मध्ये गोवा. तरुणपणी देश सोडणं ही सर्बियन फुटबॉलची रीतच आहे. तिथल्या क्लबांचा खर्च बऱ्याच अंशी खेळाडू विकूनच निघतो. त्यामुळे वीस-एकविसाव्या वर्षी बाहेर पडलेला खेळाडू हा आपोआप असामान्य ठरत नाही. बाहेर गेल्यावर त्याला मैदानावर किती वेळ मिळाला, हे बघायचं.

इथेच लोनच्या ओळी घोटाळा करतात. उसनवारीवर गेलेल्या खेळाडूच्या दोन नोंदी पडतात, एक जाण्याची आणि एक परतीची. घाईत वाचणाऱ्याला परतीची ओळ नवी बदलीच वाटते आणि क्लबांची संख्या उगाच फुगते. द्राझिचचं वायादोलिद हे असंच लोन होतं. करार सेल्टाचा, पण 2016-17चा हंगाम स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत. ‘ला लिगाचा (स्पेनच्या पहिल्या श्रेणीचा) खेळाडू’ म्हणून ज्याचं स्वागत होतं, त्याचं वर्ष कोणत्या श्रेणीत गेलं हे या दोन ओळींतच कळतं. राखीव संघही तिथे वेगळा क्लब म्हणून दिसतो. नावापुढे ‘बी’ असेल तर ते सामने मोठ्या संघाच्या खात्यात धरू नका. यादीत ‘क्लबविना’ अशी नोंद असेल तर थांबा आणि किती महिने ते मोजा. सहा महिने सामना न खेळलेला माणूस सप्टेंबरच्या दमट हवेत नव्वद मिनिटं धावेल ही अपेक्षा चुकीची.

मग कामगिरीचं पान. उघडल्यावर समोर बहुधा चालू हंगामच असतो, त्यामुळे आधी सगळे हंगाम निवडा आणि तपशीलवार मांडणी सुरू करा. सामन्यांची संख्या सोडा, मिनिटं बघा. समजा एकाच्या खात्यात 20 सामने आणि 600 मिनिटं आहेत, म्हणजे सरासरी अर्धा तास; हा बदली खेळाडू. दुसऱ्याचे 12 सामने आणि 1,000 मिनिटं, म्हणजे सरासरी 83. प्रशिक्षकाचा भरवशाचा माणूस. पहिल्याचे गोल दोन जास्त असले तरी दुसराच घ्यावा. पुढे एकेक सामना उघडला तर बाकावर होता, संघातच नव्हता की जखमी होता हेही दिसतं. दुखापतींचं पान वेगळं आहे. विंगरच्या बाबतीत मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत पुन्हा पुन्हा दिसली तर ती गंभीरपणे घ्या, कारण त्याचा सारा खेळ अचानक वेग घेण्यावर उभा असतो.

स्पर्धांच्या ओळी वेगवेगळ्या असतात, हे विसरल्यामुळे सर्वाधिक वाद होतात. फक्त आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) ओळ बघून द्राझिचचा हिशेब मांडला तर त्याचे दोन मोलाचे गोल गळतात. एक 3 मे 2025 रोजी भुवनेश्वरच्या सुपर कप अंतिम सामन्यातला, जमशेदपूरविरुद्धच्या 3-0 विजयात. बाकीचे दोन बोर्हा हेरेराचे. दुसरा 13 ऑगस्ट 2025चा मडगावच्या फातोर्डा मैदानावरचा, ओमानच्या अल सीबविरुद्ध. तो सामना 2-1 असा जिंकल्यामुळेच गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटात गेला आणि सौदी अरेबियाच्या अल नासरचा संघ मडगावात उतरला. या दोन गोलांशिवाय त्याची गोव्यातली कारकीर्द मोजणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

आता ती किंमत. ती कुठल्याही यंत्राने काढलेली नसते. सदस्य चर्चा करतात, संपादनाचं काम बघणारे त्यातून आकडा ठरवतात. तो पगार नाही आणि बदलीची रक्कमही नाही. तिशीकडे झुकलेल्या खेळाडूचा आकडा वयामुळेच खाली येतो, खेळ तसाच राहिला तरी. शिवाय युरोपातून भारतात आल्यावर चर्चा करणारे आणि सामने बघणारे कमी होतात. म्हणून दोन विदेशी खेळाडूंची तुलना या आकड्यावरून करू नका. करार कधी संपतो ही नोंद मात्र उपयोगी आहे, जानेवारीतल्या बदल्यांच्या अफवांपैकी अर्ध्या ती वाचून निकालात निघतात.

क्लब कसा आहे हे हे पान सांगत नाही, ते आपणच शोधावं लागतं. स्लोवान हा स्लोव्हाकियातला सर्वाधिक यशस्वी क्लब. तिथे विंगरला चेंडू भरपूर मिळतो आणि समोरचा संघ बहुधा मागे दबून असतो. लुबिन हा पोलंडच्या तांब्याच्या खाणकंपनीचा क्लब. धेंपो, साळगावकर, सेझा या खाणवाल्यांच्या संघांवर वाढलेल्या गोंयकाराला हे नातं लगेच उमगेल. खेळाच्या बारकाव्यांसाठी क्रोएशियाचं सोफास्कोर हे संकेतस्थळ बरं. मैदानाच्या कुठल्या भागात खेळाडू वावरला ते तिथे रंगांत दिसतं. त्यातले गुण मात्र सूत्राने पडतात, बचावासाठी मागे धावणाऱ्या विंगरला ते न्याय देतीलच असं नाही.

ट्रान्सफरमार्क्टवर सामन्याच्या रात्रीच बेरजा ताडू नका, सकाळी बघा. कधी गोल दुसऱ्याच्या नावावर, कधी बदलीचं मिनिट चुकलेलं, असं आढळलं तर सदस्य म्हणून नोंदणी करून दुरुस्ती पाठवता येते. सोबत आयोजकांच्या अधिकृत सामनापत्रकाचा किंवा क्लबच्या घोषणेचा दुवा जोडा. नुसतं ‘मी स्टँडमध्ये होतो’ एवढ्यावर दुरुस्ती होत नाही.