हॉलमधलं तळं: अकरा महिने वापरून, आणि त्यातला निम्मा वेळ पंपाशी भांडून

"सर, वॉरंटी मोटरला आहे, इंपेलरला नाही."

तळ्याच्या पंपाच्या कंपनीकडून हे वाक्य मी मार्च महिन्यात सात वेळा ऐकलं. चार वेळा एकाच माणसाकडून. त्याला मी विचारलं, की बाबा रे, इंपेलर म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, त्याच्याशिवाय मोटर म्हणजे चाकं काढलेली सायकल, तिच्या वॉरंटीचं मी काय करू? त्यावर त्याने उलट विचारलं, "सर, पाण्यात माती होती का?" तळ्याचा पंप म्हणून विकलाय, खोक्यावर कमळाचं चित्र छापलंय, आणि पाण्यात माती होती का विचारतात. दुधात ठेवायचा होता का?

पण तळ्याचं आधी सांगतो, नाहीतर सगळं पंपावरच जाईल. (तसं ते जाणारच आहे.)

नाशिकमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, आतून चार फूट बाय अडीच फूट. पाणी फक्त नऊ इंच. नऊच का, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे दुकानदार सांगत नाही. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या भारासाठी काढलेला असतो, आणि २० सेंटिमीटर पाणी भरलं की तेवढा भार नुसत्या पाण्याचाच होतो. सोसायटीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअर काकांना घरी बोलावलं. त्यांनी खाली बीम कुठून जातो ते पाहिलं, टाइल्सवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "या रेघेच्या आत, नऊ इंच. गॅलरीत अजिबात नाही." माझं पाणी भरतं २१० लिटर, विटांचे शंभर-सव्वाशे किलो वेगळे, कुंड्या-दगड वेगळे. माझी रेघ तुमच्या घरात चालेल असं समजू नका. तुमचा इंजिनिअर तुम्ही बोलवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि दोन फूट खोल करावं, आमची जळजळ होऊ दे.

भिंत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या, चार इंची ब्लॉकची, दोन थर. पहिल्यांदा काटकसर म्हणून ब्लॉक नुसते एकमेकांवर रचले, म्हटलं पाणी ते किती, काय ढकलणार आहे. सात इंच भरल्यावर पुढची बाजू बोटभर पुढे सरकली. आवाज नाही, काही नाही, रेघ मारलेली होती म्हणून कळलं. सगळं पाणी बादल्यांनी उपसून बाथरूममध्ये ओतलं, ३४० रुपयांची ब्लॉक जोडायच्या केमिकलची गोणी आणली आणि कोपरे गुंतवून नीट जोडले. हे ३४० वाचवायला जाऊ नका.

आत पाणी धरायला लायनर म्हणून शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. मावसभाऊ निफाडला द्राक्षवाला, त्याच्या शेततळ्यातला उरलेला तुकडा मिळाला. फुकट. पण फुकटचा असला तरी सांगायला हवं: हा कागद एकरभर तळ्यासाठी आहे, चार फुटांच्या खोक्यासाठी नाही. ताठ असतो, कोपऱ्यात बसत नाही. वाण्याच्या पुडीसारख्या घड्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक घडीत गाळ बसतो. त्याला कुठलाही गोंद चिकटत नाही, शेतावर गरम हवेच्या मशिनने वेल्डिंग करतात. म्हणून कापताना तुकडा एकसंध हवा. पाणी जेवढं खोल त्याची दुप्पट लांबीत मिळवा, तेवढीच रुंदीत मिळवा, वर काठासाठी हातभर सोडा. मी आठ बाय साडेसहा फुटांचा कापला.

दिवाळीनंतर तळं भरलं. नळाचं पाणी ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर. आई त्याला पहिल्या दिवसापासून "हौद" म्हणते. आमच्या हिला "तळं" म्हटलेलं आवडतं. मी दोघींसमोर "ते पाण्याचं" म्हणतो.

पुढचा एक परिच्छेद मी फेब्रुवारीत लिहून ठेवला होता, तसाच देतो.

"तीन महिने झाले. एकूण समाधानी. नर्सरीतून आणलेले पांढरे गोटे पहिल्या महिन्यातच काढून टाकले, कारण त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं. म्हणजे संगमरवराचे तुकडे, पाण्यात हळूहळू विरघळून ते क्षारांनी जड करणार. त्याऐवजी बांधकामावरची काळी खडी धुऊन टाकली. आपल्याकडचा काळा दगड पाण्यात काही सोडत नाही, आणि एक घमेलं कोणी पैसे मागत नाही. कुंड्यांत काळी माती, शेणखत अजिबात नाही, वर इंचभर खडीचा थर. तरी पहिला आठवडाभर पाणी चहासारखं होतं. झाडं: अळू, अंब्रेला पाम, ब्राह्मी, मनी प्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडलेल्या, आणि एक वॉटर लिली. पाचव्या आठवड्यात आठ गप्पी सोडले. त्याआधी सोडू नयेत, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर नि मुळांवर धरायला तेवढा वेळ लागतो. पंप १८ वॅटचा, १,१५० रुपये, चोवीस तास चालू. पंपाशिवाय तळं म्हणजे डबकं, त्यामुळे यात काटकसर करू नये. आवाज थोडा येतो. सवय होते."

सवय होत नाही.

फेब्रुवारीतलं ते शेवटचं वाक्य मी का लिहिलं मला माहीत नाही. बहुधा १,१५० रुपये दिले होते म्हणून. कारंज्याचं पाणी पडतं तो आवाज छान, तो कुणाला नकोय? पण त्याच्या खाली एक घूंऽऽ असते. दिवसा मिक्सर, टीव्ही, रस्ता यांत ती बुडते. रात्री दीडला उठलात की अख्खं घर घुमत असतं. फरशीत येते, पलंगाच्या पायातून उशीत येते. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त येते, हे मी तपासून पाहिलंय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये अगदी सौम्यपणे विचारलं, "रात्री पिठाची गिरणी वगैरे घेतलीत का घरात?" पंपाखाली स्पंज ठेवून पाहिला, दोन दिवस बरं वाटलं. चपलेचा रबरी सोल कापून ठेवला. ही म्हणाली पुढे माझ्या चपला कापशील.

वर वीज. १८ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १३ युनिट. फार नाहीत, कबूल. पण आपण बाहेरच्या खोलीचा दिवा मालवायला उठतो आणि इथे आठ गप्पींसाठी रात्रभर मोटर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घूं बंद झाली. मी आनंदाने जागा झालो. सकाळी उघडून पाहिलं तर इंपेलरचा चिनी मातीचा बारीक दांडा मधोमध तुटलेला, गाळ अडकून. मग सुरू झालं. पावतीचा फोटो पाठवा. पाठवला. शिक्का दिसत नाही. पुन्हा पाठवला. पंप पुण्याला पाठवा, कुरियर तुमचं. १८० रुपये. मग ते वॉरंटीचं वाक्य. मग "नवीन पंपच घ्या सर, स्वस्त पडेल." शेवटी २६० रुपये घेऊन इंपेलर लावून परत पाठवला. एकोणीस दिवस गेले.

आणि या एकोणीस दिवसांत पाणी निवळलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटलं भास आहे. दहाव्या दिवशी तळाच्या कागदावरची घडी न घडी दिसायला लागली, जी मला दिसायला नकोच होती. नंतर विचार केल्यावर कळलं ते साधं आहे. पंप चोवीस तास कुंड्यांतली काळी माती ढवळत होता आणि आपल्या गाळणीच्या स्पंजमधून गाळत होता. म्हणजे स्वतःच घाण करून स्वतःच झाडणारा. तो थांबल्यावर माती बसली. माशांची घाण अळू, पाम आणि मनी प्लांटची मुळं खातच होती. मनी प्लांटने तर तेवढ्यात पडद्याचा दांडा गाठला. आठ मासे आणि २१० लिटर पाणी, एवढ्याला यंत्र लागत नाही. पंप खोक्यातून परत आला तेव्हा मी तो खोक्यातच ठेवला. फेब्रुवारीतलं "डबकं" मी मागे घेतो.

आता इथे थांबलो असतो तर पंपाला शून्य देऊन मोकळा झालो असतो. पण मे आला. पंखा दिवसभर, तळ्याच्या काठावरची पेनची खूण रोज पाच-सहा मिलिमीटरने उघडी पडायची, म्हणजे रोज पाचेक लिटर पाणी नुसतं हवेत. ते भरत होतोच. एकदा पहाटे पाचला उठलो तर सगळे गप्पी (तोवर साठच्या आसपास, ती गणती आपल्या हातात नसते) पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रात्री झाडंही तोच वापरतात. म्हणून पहाट ही माशांची सगळ्यात वाईट वेळ. खोकं उघडलं.

पण यावेळी गाळणीचा स्पंज काढून टाकला. पंप थांबून थांबून चालवायचा तर स्पंज ठेवू नये. आतलं पाणी साचतं, जिवाणू मरतात आणि पंप चालू होताच सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. ४५० रुपयांचा टायमर लावला, पहाटे चार ते सहा. आणि घूंसाठी म्हणून, चिडून, पंप तळाला न ठेवता काठावर आडव्या टाकलेल्या बांबूला सुतळीने बांधून पाण्यात मधोमध लटकवला. कुठेच टेकलेला नाही.

घूं गेली. पूर्ण गेली. चार महिने मी स्पंज, रबर, चपला करत बसलो आणि उत्तर होतं दोन हात सुतळी. (ती तीन आठवड्यांत कुजली, नायलॉनची दोरी वापरा.) खोक्यासोबतच्या माहितीपत्रकात भाषा नऊ आहेत, ही एक ओळ कुठल्याच भाषेत नाही. आता महिन्याला एक युनिट जळतं.

विजेचं एकच सांगतो, कारण यात विनोद नाही. घराला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पाण्यात पंप सोडू नका. बोर्ड पाण्याच्या वर, आणि वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे थेंब झोळातच गळतात. हात घालण्याआधी पिन काढायची, दरवेळी.

पावसाळा भिंतीला जड गेला. तळ्यामागच्या भिंतीला जुलैत पोपडे आले, आणि त्या बाजूच्या कपाटातल्या पुस्तकांना वास. भिंत आणि तळं यांत चार बोटं जागा ठेवायला हवी होती. आता उशीर झाला, पुस्तकं हलवली.

त्याच महिन्यात आरोग्यसेविका ताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या. हॉलमध्ये तळं बघून त्यांचा चेहरा बदलला. माझाही. दहा मिनिटं टॉर्च मारून मारून पाहिलं. एक अळी नाही, गप्पी ठेवतच नाहीत. ताई खूश. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रीजमागचा ट्रे ओढून बाहेर काढला. त्यात वळवळत होत्या. माझ्या साठ माशांच्या देखत.

लिली: पानं भरपूर, फुलं शून्य. तिला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आमच्या खिडकीत तीन मिळतं. नर्सरीवाला "येतील, येतील" म्हणाला होता. घरात लिली घेऊ नका, एवढंच.

एकूण खर्च ४,८३० रुपये. त्यातले २,०४० एकट्या पंपावर, कुरियर आणि टायमर धरून. आज पुन्हा करायचं झालं तर टायमरचा पंप मे महिन्यासाठी ठेवीन आणि बाकी पैसे अळूवर लावीन. कारण अळू हे या तळ्यातलं असं एकच प्रकरण आहे की ज्याने मागितलं काही नाही. मी शोभेचं म्हणून आणलं होतं. आईने देठ काळा बघून पहिल्याच दिवशी सांगितलं, हे वडीचं आहे. पाण्यात औषधं कधी घातली नव्हती, त्यामुळे श्रावणात दोनदा वड्या झाल्या. पानं बाजारापेक्षा लहान आणि पातळ, ऊन कमी असल्याने. पण घशाला खवखवली नाहीत. चिंच आईने नेहमीसारखीच घातली होती, तेव्हा श्रेय कोणाचं ते ठरवता येणार नाही.

परवा ऋषिपंचमी झाली. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून आई दरवर्षी बाजारात भाजीवालीची उलटतपासणी घेते. यंदा अळू आणायचं नाही म्हणाली, हौदातलं आहे की, त्याला कुठला बैल लागलाय. सकाळी पानं खुडायला गेली तेव्हा टायमरचे दोन तास संपत आले होते आणि पंप दोरीला लटकून गपगार चालला होता. तिने वाकून पाहिलं.

"आणि हा रे? हा चालतो का?"

मी म्हटलं, याने आयुष्यात कष्ट केलेले नाहीत, बिनधास्त खुड.