निकॉन अ‍ॅक्युलॉन ए211 10×50: आकाश पाहण्यासाठी घ्यावी का?

आकाशनिरीक्षणाला सुरुवात करायची म्हटली की आधी दुर्बिणीचा विचार होतो. पण कमी किमतीच्या दुर्बिणीचं स्टँड इतकं डगमगतं की शनी शोधता शोधताच हौस विरते. तेवढ्या पैशात चांगली द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेतलेली बरी. अ‍ॅक्युलॉन ए211 10×50 ही त्यातली आमची पहिली शिफारस, पण चष्मा लावून पाहणाऱ्यांसाठी नाही. त्याचं कारण पुढे आहे.

10×50 म्हणजे 10 पट मोठं दिसणं आणि 50 मि.मी. व्यासाची पुढची भिंगं. 50 भागिले 10 म्हणजे 5 मि.मी. जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. 7×50 मध्ये तो 7 मि.मी.चा असतो, पण पन्नाशीच्या आसपास बहुतेकांची बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही, म्हणजे उरलेला प्रकाश वाया जातो. शिवाय शहराच्या उजळ आकाशात 10 पटींमुळे पार्श्वभूमी जास्त काळी पडते आणि अंधुक तारे वर येतात. पुणे-मुंबईच्या गच्चीवरून पाहणाऱ्यांनी 10×50 च घ्यावी.

दृश्यक्षेत्र 6.5 अंश, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले 13 पूर्ण चंद्र. या द्विनेत्रीची खरी मजा इथेच आहे. कृत्तिका पूर्ण मावतात आणि भोवती मोकळं आकाशही उरतं. वृश्चिकेच्या नांगीजवळचे एम6 आणि एम7 (मेसिएच्या यादीतले क्रमांक) हे दोन्ही तारकागुच्छ एकाच वेळी दिसतात. ज्येष्ठेला क्षेत्राच्या मध्यावर आणलं की सव्वा अंश पश्चिमेला एम4 या तारकागुच्छाचा धुरकट गोळा सापडतो, मात्र त्यासाठी गावाबाहेर जायला हवं. देवयानी दीर्घिकेचा गाभा शहराच्या कडेवरूनही दिसतो. तिचा लांबट विस्तार काळोख्या जागीच कळतो.

आपल्या अक्षांशाचा एक मोठा फायदा म्हणजे ओमेगा सेंटॉरी. हा गोलाकार तारकागुच्छ युरोपच्या बहुतेक भागातून दिसतच नाही. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर 24 अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास चित्रा नक्षत्र दक्षिणेला उंचावर असतं. हात लांब करून पसरलेली वीत साधारण 20 अंशांची असते. चित्रेपासून जवळजवळ दोन विती सरळ खाली या. तिथे ताऱ्यासारखा टोकदार नसलेला, चांगला मोठा धूसर ठिपका दिसेल, तोच ओमेगा सेंटॉरी. दक्षिणेला शहराचा उजेड नसलेली जागा मात्र निवडा.

गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, पण हात स्थिर असतील तरच. शनीची कडी दिसत नाहीत. 10 पटींत ती दिसायचीच नाहीत, त्यासाठी दुर्बीणच लागते.

प्रतिमा मध्यभागी स्वच्छ आहे. कडेकडे तारे पसरट होतात आणि चंद्राच्या कडेला बारीक रंगीत रेघ येते. या किमतीत हे चालवून घ्यावं.

वजन सुमारे 900 ग्रॅम. हातात धरली तर दोन-तीन मिनिटांत तारे नाचू लागतात. नेत्रिकांजवळ (डोळ्याकडच्या भिंगांजवळ) न धरता हात पुढे, भिंगांच्या नळ्यांवर ठेवा, कोपरं आरामखुर्चीच्या हातांवर टेकवा. मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला टोपणाखाली स्टँडचा आटा आहे. त्याला बसणारा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. तो धातूचा घ्या, प्लॅस्टिकचा वाकून थरथरतो. साधारण 60 अंशांच्या वर बघायचं तर ट्रायपॉड निरुपयोगी, मान आखडते. तिथे आरामखुर्चीच.

फोकस पहिल्याच रात्री नीट लावा. मध्यम तेजाचा तारा निवडा. उजव्या भिंगावर टोपण घाला, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी तारा टोकदार करा. मग टोपण डावीकडे लावून फक्त उजव्या नेत्रिकेचं कडं फिरवा. पुढे नेहमी मधलं चाकच वापरायचं. कडं बॅगेत सरकू शकतं म्हणून त्याच्या जागेची खूण करून ठेवा.

आता चष्म्याबद्दल. नेत्रिकेपासून डोळा जेमतेम 12 मि.मी.वर आणावा लागतो, त्यामुळे चष्म्यातून पाहिलं की क्षेत्राचा बाहेरचा भाग कापला जातो. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भरपाई होते. मोठा नंबर असेल तर दुकानात तपासून घ्या. सिलिंडरचा नंबर 1 च्या वर असेल तर तारे चष्म्याशिवाय रेघांसारखे दिसतील. त्यांनी 17-18 मि.मी. अंतर देणारं मॉडेल शोधावं.

घेताना एक तपासणी करा. लांबच्या दिव्याकडे पाहून एका बाजूचा फोकस बिघडवा: टोकदार ठिपका पुसट वर्तुळाच्या मध्यावर यायला हवा. तो बाहेर पडत असेल तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशा नगाने दहा मिनिटांत डोकं दुखतं. तो नग बदलून घ्या. याच मालिकेतल्या झूम मॉडेलच्या मोहात पडू नका, त्याचं क्षेत्र 10 पटींवरही 4 अंशांच्या आतच आहे.

ही द्विनेत्री जलरोधक नाही. आपल्या पावसाळ्यात आतल्या लोलकांवर (प्रिझमवर) बुरशी धरते, आणि ती आतून साफ करणं महाग पडतं. जून ते ऑक्टोबर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. थंडीत भिंगांवर दव आलं तर पुसू नका, तसंच वाळू द्या; पूर्ण कोरडं झाल्यावरच टोपण लावा. आणि दिवसा कुणी, विशेषतः मुलांनी, ती सूर्याकडे वळवणार नाही याची काळजी घ्या. डोळा क्षणात कायमचा जातो.