फोन बंद असलेल्या तीन दिवसांत आमची झालेली फसवणूक

माझी मुलगी बांगलादेशात कुमिल्ला येथे वैद्यकीय शिक्षण घेते. जुलै २०२४ मध्ये तिथे सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. एकूण ५६ टक्के जागा राखीव होत्या आणि त्यांतील ३० टक्के १९७१ च्या मुक्तियुद्धातील सैनिकांच्या वारसांसाठी होत्या, हा वादाचा मूळ मुद्दा तिनेच मला फोनवर समजावून सांगितला होता. परकी असल्यामुळे तिचा त्या वादाशी संबंध नव्हता; पण वसतिगृहाबाहेर गोळीबाराचे आवाज येऊ लागले की देशी-परदेशी हा भेद उरत नाही. गुरुवारी, १८ जुलैच्या रात्री तिथले इंटरनेट बंद झाले आणि आमचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपासून संचारबंदी लागू झाल्याची आणि रस्त्यांवर सैन्य उतरल्याची बातमी आम्ही इंदूरमध्ये, रामबागेतल्या घरी बसून, दूरचित्रवाणीवर पाहिली.

शनिवारी सकाळी एका माणसाचा फोन आला. मुलीचा प्रवेश ज्या दलालामार्फत झाला होता, त्याच्या कार्यालयात आपण पूर्वी काम करत होतो, असे त्याने सांगितले. तो मराठीत बोलत होता. "काकू, घाबरू नका, मी आपलाच माणूस आहे," हे त्याचे पहिले वाक्य होते. ज्यांनी इंदूरमध्ये आयुष्य काढले आहे, त्यांना हे कळेल की अनोळखी क्रमांकावरून मराठी ऐकू आली की मन किती लवकर सैल होते. त्याला मुलीचे पूर्ण नाव, वर्ष आणि पारपत्राचा क्रमांकही ठाऊक होता. प्रवेशाच्या वेळी आम्हीच पारपत्राच्या चार छायाप्रती त्या कार्यालयात दिल्या होत्या, याची आठवण मला तेव्हा झाली नाही.

त्याचे म्हणणे असे, की संचारबंदीत परदेशी विद्यार्थ्यांना बाहेर पडण्यासाठी विशेष परवाना लागतो, सैन्याच्या संरक्षणात त्रिपुरातील आगरतळ्याला लागून असलेल्या आखाउऱ्याच्या सीमेपर्यंत एक गाडी जाणार आहे, तिच्यात दोनच जागा उरल्या आहेत आणि एका जागेचे ६५,००० रुपये तासाभरात भरावे लागतील. त्याने व्हॉट्सअॅपवर गोल शिक्का असलेली एक यादीही पाठवली, जिच्यात सातवे नाव आमच्या मुलीचे होते. माझे यजमान म्हणाले, थोडे थांबू. मी थांबू दिले नाही. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. खातेदाराचे नाव फोन करणाऱ्याच्या नावाशी जुळत नव्हते, हे पडद्यावर दिसत असूनही मी पुढचे बटण दाबले.

रविवारी दुपारी अनोळखी क्रमांकावरून मुलीचा आवाज आला, "आई, मी आगरतळ्यात आहे." महाविद्यालयानेच बसची सोय केली होती, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या होत्या, आणि आखाउऱ्याला पारपत्रावर शिक्का मारून सर्वांना सोडण्यात आले. कोणताही विशेष परवाना कोणी मागितला नाही. त्या माणसाचे नाव तिने ऐकलेलेही नव्हते.

तिचा फोन ठेवून वीस मिनिटे झाली असतील, तोच त्याचा फोन आला. मुलगी आपल्या गाडीत आहे, नाक्यावर अडवली आहे, आणखी ४०,००० रुपये दिल्याशिवाय सोडणार नाहीत, असे तो सांगत होता. पाठीमागे कोणी तरी मुलगी रडत असल्याचा आवाज होता. माझी मुलगी सुखरूप असल्याचे ठाऊक असूनही तो आवाज ऐकून माझे हात कापत होते. तिचा फोन अर्धा तास उशिरा आला असता, तर मी तेही पैसे भरले असते.

माझ्या दिरांनी त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवली. रक्कम भरून एक दिवस उलटला होता, त्यामुळे त्या खात्यात केवळ ११,००० रुपये गोठवता आले. उरलेले पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. तक्रार शनिवारीच केली असती, तर अधिक हाती लागले असते, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरेच असावे.

मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच आहे. ढाक्यातील भारतीय उच्चायुक्तालयाने आपत्कालीन संपर्क क्रमांक जाहीर केले होते आणि विद्यार्थ्यांना सीमेपर्यंत सुखरूप आणण्यासाठी ते स्थानिक प्रशासनाशी समन्वय साधत होते. हे बातम्यांत येत असूनही मी त्या क्रमांकावर एकदाही फोन लावला नाही. त्या माणसाने सांगितलेल्या सीमेचे नाव, संचारबंदी, सैन्य, यांतले सारे वर्तमानपत्रात छापलेले होते. मुलीच्या खोलीत कोण राहते, एवढे विचारले असते तरी तो अडकला असता.

परिस्थिती निवळल्यावर ती परत गेली. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही चौघांनी एक प्रश्न आणि त्याचे उत्तर ठरवले आहे. तिच्या नावाने कोणीही पैसे मागितले, तर आधी तो प्रश्न विचारायचा. तो कुठेही लिहून ठेवलेला नाही.