दौऱ्याच्या बॅगेत फ्लाय रॉड: कोपनहेगन, मोल्डे की रेक्याविक?

जॅझचा उन्हाळी दौरा आणि फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-दोऱ्याचा बनावट किडा, म्हणजे ‘फ्लाय’, बांधून केलेली मासेमारी) एकाच प्रवासात बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी नदी निवडतात आणि मग तिच्या आसपास कार्यक्रम शोधतात. गाडी इथेच रुळावरून घसरते. वाजवणाऱ्याचा दिवस साउंडचेकला बांधलेला असतो. चार-पाच वाजता साउंडचेक, आठ-नऊला कार्यक्रम, सामान गुंडाळेपर्यंत साडेअकरा. त्यामुळे कुठल्या देशात मोठा मासा मिळतो यापेक्षा कुठला मासा तुमच्या वेळेला भूक घेऊन येतो, हे आधी बघा. त्या हिशेबाने नॉर्डिक देशांमध्ये फार फरक आहे.

कोपनहेगन: रात्री बाराची पाळी

कोपनहेगन जॅझ फेस्टिव्हल 1979 पासून चालतो. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होऊन दहा दिवस. क्लब, अंगणं, कालव्याचे काठ अशा असंख्य जागी कार्यक्रम असल्याने एकाच शहरात तीन-चार ठिकाणी वाजवता येतं आणि मुक्काम हलवावा लागत नाही. हा फायदा कागदावर छोटा वाटतो, पण ओले वेडर्स (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) वाळवायला एकच खोली सलग चार रात्री मिळणं म्हणजे काय, हे फिरस्त्यांनाच कळतं.

शहराजवळ नाव घेण्यासारखी नदी नाही. तिथला खेळ आहे समुद्रकिनाऱ्यावरच्या सी ट्राउटचा, म्हणजे समुद्रात जाऊन वाढणाऱ्या ट्राउट माशाचा. जुलैत किनाऱ्याचं पाणी तापतं, मासा दिवसा खोल पाण्यात जातो आणि अंधार पडल्यावर कोळंबी आणि बारीक मासळीच्या मागे गुडघाभर पाण्यात येतो. सूर्य दहाच्या जरा आधी मावळतो, खरा अंधार साधारण बारा ते अडीच. अकराला कार्यक्रम संपला तर तासाभरात दक्षिणेला स्टेव्हन्सच्या किंवा उत्तरेला गिलेलायच्या बाजूला पोचता येतं. म्हणजे ऐन वेळेला.

नऊ फुटी, 6 किंवा 7 नंबरचा रॉड, तरंगणारी लाईन, तीन मीटर लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), टोकाला 0.25 ते 0.28 मिलिमीटर जाडीचा. फ्लाय काळा, 6 ते 8 नंबरच्या गळावर, पाण्याच्या पृष्ठभागावर रेघ ओढत येणारा. काळाच का, तर मासा खालून वर बघतो आणि फिकट आकाशासमोर काळी आकृतीच ठळक दिसते. रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी लाईन ओढा, संथ आणि न थांबता. फ्लायमागे ‘डुबुक’ आवाज झाला की हात आपोआप उचलला जातो, आणि निम्मे मासे तिथेच जातात. लाईन जड होईपर्यंत ओढत राहायचं, मगच रॉड उचलायचा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आल्या आल्या कमरेपर्यंत पाण्यात शिरणं. मासा तुमच्या पायांच्या आणि काठाच्या मध्ये असतो. पहिल्या वीस फेकी कोरड्या दगडावरून करा. डोक्यावरचा दिवा पाण्याकडे वळवू नका, गाठ मारायची तर पाठ फिरवा आणि लाल दिवा वापरा. जागा एकदा उजेडात पाहून ठेवा. शेवाळलेले गोल दगड रात्री पाय मुरगळायला पुरेसे असतात.

डेन्मार्कचा मासेमारीचा राष्ट्रीय परवाना ऑनलाइन मिळतो, दिवसाचा, आठवड्याचा किंवा वर्षाचा, आणि तो सगळ्या किनाऱ्याला चालतो. सी ट्राउट किमान 40 सेंटिमीटर हवा. ओढ्यांच्या मुखांभोवती साधारण 500 मीटरचे संरक्षित पट्टे असतात. काही वर्षभर, काही ठरावीक महिने. नकाशा आधी पाहा. मोठी गोष्ट अशी की जागा आरक्षित करायचीच नसते. दोन एन्कोर झाले, उशीर झाला, तर पैसे बुडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकचा कार्यक्रम असेल तर मात्र आदल्या रात्री जाऊ नका. पहाटे चारला झोपून सूर लागत नाही.

स्वीडनमधल्या ईस्टाडचा फेस्टिव्हल (2010 पासून, जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात) याच धर्तीवर बसतो. किनाऱ्यावर साध्या गळाने मासेमारी तिथे विनापरवाना चालते. मोरुम नदी गाडीने दोन तासांच्या आत आहे आणि तिचं नाव मोठं आहे. पण उन्हाळ्याच्या त्या आठवड्यात पाणी तापलेलं असण्याची शक्यताच जास्त. पाणी 20 अंशांवर गेलं की सोडलेला सॅमनही वाचेलच असं नसतं. दिवसाचं तिकीट तापमान पाहून, आदल्या दिवशी काढा.

मोल्डे आणि काँग्सबर्ग: सुट्टीचे दिवस असतील तरच

नॉर्वेतल्या मोल्डेचा फेस्टिव्हल 1961 पासूनचा, जुलैच्या मध्यावर. फियोर्डपलीकडे बर्फाची शिखरं, जवळच रौमा नदी. चित्र असं की कुणीही भुलेल. पण सॅमनचं पाणी इथे बीटनुसार (नदीच्या आखून दिलेल्या पट्ट्यानुसार) आणि दिवसानुसार विकलं जातं. बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब संध्याकाळी सहाला सुरू होतो. तुमचा कार्यक्रम संध्याकाळी असेल तर विकत घेतलेले सगळ्यात चांगले तास स्टेजवर जातात. मोल्डे ते रौमाकाठचं ओन्डाल्सनेस या रस्त्यात फेरीबोट आहे, त्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ सेटलिस्टइतकीच पक्की पाठ हवी.

दुसरी जोखीम मोठी. जून 2024 मध्ये सॅमन कमी आल्याने नॉर्वेने 33 नद्या ऐन हंगामात बंद केल्या, त्याही मोजक्या दिवसांच्या सूचनेवर. परत न मिळणारे पैसे सॅमनवर लावायचे असतील तर हे गृहीत धरूनच लावा.

सॅमन, सी ट्राउट आणि समुद्रातून येणाऱ्या ‘चार’ (char) माशासाठी 18 वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी शुल्क आणि वर त्या पाण्याचं स्थानिक कार्ड, असे दोन खर्च. शिवाय निर्जंतुकीकरणाचा दाखला. हा सोपस्कार उगाच नाही. गायरोडॅक्टिलस नावाच्या परजीवीने रौमाचा सॅमन संपत आणला होता आणि 2013 व 2014 मध्ये नदीत रोटेनोन हे विष सोडून मासे मारून ती साफ करावी लागली. वेडर्स, बूट, जाळं, रीळ सगळं पूर्ण कोरडं हवं किंवा व्हिरकॉन या जंतुनाशकाच्या 1 टक्का द्रावणात पंधरा मिनिटं बुडवलेलं. नंतर रीळ गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर स्क्रू गंजतात. बुटाचा तळ फेल्टचा (नमद्याचा) नको, रबराचा घ्या. फेल्ट दौऱ्यात कधीच वाळत नाही.

नॉर्वेत जायचंच असेल तर सॅमन सोडा आणि ब्राउन ट्राउट धरा. डोंगरातली तळी आणि वरच्या नद्या यांना सरकारी शुल्क नाही, फक्त स्थानिक कार्ड, आणि तेही स्वस्त. काँग्सबर्ग इथे मोल्डेपेक्षा उजवं ठरतं. फेस्टिव्हल जुलैच्या सुरुवातीला, नुमेदाल्सलोगेन नदी गावातूनच वाहते. सॅमन खालच्या भागात, ट्राउट वरच्या खोऱ्यात. संध्याकाळी उशिरा कॅडिस (ट्राउट खातो ते पाणकिडे) उडू लागतात, आणि त्या अक्षांशावर अकरालाही फ्लाय दिसण्याइतका उजेड असतो. फ्लाय म्हणाल तर 14 आणि 16 नंबरचे एल्क हेअर कॅडिस, 14 चा क्लिंकहॅमर, दोन-तीन फेझंट टेल निंफ. डबीत याहून जास्त काही नको.

रेक्याविक: दौऱ्यानंतर, दौऱ्यात नाही

आइसलंडमध्ये दिवस दोन पाळ्यांत विभागलेला असतो. सर्वसाधारणपणे सकाळी सात ते एक आणि दुपारी चार ते रात्री दहा. ऑगस्टअखेरीकडे दुसरी पाळी तासभर अलीकडे येते. दुसरी पाळी आणि कार्यक्रम नेमके एकमेकांवर बसतात, त्यामुळे अर्ध्या दिवसाचे पैसे पाण्यात. नदीवर रॉडची संख्या ठरलेली, नामांकित नदीवर भर हंगामातला एका रॉडचा दिवस लाख रुपयांच्या सहज पुढे जातो. एक रॉड दोघांत वाटून घेणं बऱ्याच नद्यांवर चालतं. ड्युओ असाल तर जरूर विचारा.

शहरातच एलिदाओर नावाची सॅमनची नदी आहे. बसने जाता येईल इतकी जवळ, पण रॉड थोडे आणि मागणी फार. त्यापेक्षा थिंगव्हल्लावात्न तलाव बघावा, शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत. त्यात ‘आर्क्टिक चार’ माशाचे चार वेगवेगळे प्रकार नांदतात. राष्ट्रीय उद्यानाचा काठ आणि देशातले तीसेक तलाव एकाच हंगामी कार्डावर मिळतात. बाहेरून आणलेलं वापरलेलं सामान विमानतळावर निर्जंतुक करून घ्यावं लागतं किंवा आधीचा दाखला लागतो. म्हणून आइसलंड दौऱ्याच्या शेवटी ठेवा, सलग तीन मोकळे दिवस हातात धरून.

फिनलंडबद्दल थोडक्यात. पोरी जॅझ (1966 पासून, जुलै) संगीतासाठी उत्तम, फ्लायसाठी बेताचं. टाम्पेरेचा फेस्टिव्हल नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शहराच्या मध्यातून तामेरकोस्कीचा प्रवाह धबधबतो, पण वाहत्या पाण्यातल्या ट्राउटला तेव्हा बंदी असते आणि रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. मासेमारीचं सरकारी शुल्क भरलं तरी अशा प्रवाहांना वेगळं स्थानिक कार्ड लागतंच.

हात, ओठ आणि वार्निश

उजव्या हाताने फेकणारा डाव्या हाताने लाईन ओढतो. गिटार आणि बेसवाल्यांचा तोच हात तारांवर असतो. चार-पाच तास ओलं राहिलं की बोटांवरचे घट्टे मऊ पडतात, आणि त्यावर लाईनची रेघ कापली गेली तर दुसऱ्या रात्री पहिल्या सेटमध्येच कातडी सोलते. तर्जनीवर लवचिक कापडी टोपण घाला आणि कार्यक्रमाच्या दिवशी सहा तास आधी पाण्याबाहेर या. पियानोवाल्यांना कापण्यापेक्षा गारठा नडतो. बोटं गरम करायला अर्धा तास लागतो, तो साउंडचेकच्या आधीचा धरा.

फुंकवाद्य वाजवणाऱ्यांचा शत्रू म्हणजे बारीक चिलटं. ओठाच्या कडेला एक चावा आणि सूज उतरेपर्यंत ओठ बसत नाही. तोंडावर जाळी लावा. कीटकांना पळवणारं मलम डीईईटी (DEET) या रसायनाचं घेऊ नका, इकारिडिनचं घ्या. डीईईटी प्लॅस्टिक विरघळवतं. बोटांना लागलेलं ते फ्लायलाईन चिकट करतं, आणि गिटारच्या नायट्रो वार्निशवर बोटांचे ठसे कायमचे उमटवतं.

तबला किंवा कुठलंही चामडी वाद्य बरोबर असेल तर ओले वेडर्स त्याच खोलीत पसरू नका. पुडी उतरते, आणि हॉलच्या कोरड्या हवेत गेली की चढते. वेडर्स बाथरूममध्ये, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, हीटरपासून दूर. हीटरवर ठेवलेल्या बुटाचा डिंक सुटतो.

चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड नळीसह पाऊण मीटरच्या आसपास होतो. दोन हातांचा तेरा फुटी घेऊ नका, नाहीतर सहा तुकड्यांचा घ्या. वेडर्स आणि बूट मिळून साडेतीन-चार किलो. गळ नेहमी चेक-इन सामानात.

कागद आणि कर

भारतीय पासपोर्टवर हे पाचही देश एकाच शेंगेन व्हिसात येतात. पण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो. कोपनहेगनला चार दिवस कार्यक्रम आणि नंतर नॉर्वेत आठ दिवस मासेमारी, असा बेत अर्जात लिहिला तर मुख्य देश कोणता, हा प्रश्न खिडकीवर येणारच. उत्तर आयोजकाच्या पत्रासह तयार ठेवा. मानधनासाठी कामाची परवानगी लागते की सूट आहे, हे प्रत्येक देशाचं वेगळं. नॉर्वे आणि आइसलंड युरोपीय संघात नाहीत, त्यामुळे महागड्या वाद्यांसाठी एटीए कार्ने (सामान तात्पुरतं, सीमाशुल्क न भरता नेण्याचा कागद) काढलेलं बरं.

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये परदेशी कलाकाराच्या मानधनातून 15 टक्के कर तिथेच कापला जातो. कापल्याचा दाखला आयोजकाकडून निघण्याआधी मागून घ्या. भारतात त्याची सवलत मागायला तोच लागतो, आणि ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेलेलं फेस्टिव्हलचं कार्यालय ई-मेलला उत्तर देत नाही.