नागपूरच्या हवेत टेबलावरचं इलेक्ट्रोस्पिनिंग मशीन

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे सुईतून येणाऱ्या पॉलिमरच्या द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन त्याचा अतिबारीक धागा ओढणं. त्यासाठी ३० किलोव्होल्टचा पुरवठा, एक सिरिंज पंप, धागा गोळा करणारा फिरता ड्रम आणि पारदर्शक पेटी. पाण्यातलं शिसं, तांबं धरणाऱ्या पडद्यासाठीचे नॅनोधागे काढायला तेवढं पुरतं. या मशीनमध्ये नागपूरसाठी एकच मोठी उणीव आहे: पेटीतला ओलावा आवरायची सोय नाही.

पंप उत्तम आहे, ताशी ०.५ मिलीलिटरलाही अडखळत नाही. धागा ज्याचा काढायचा त्या पॉलीअक्रिलोनायट्राइल या पॉलिमरचं बसलेलं माप असं: सुकवलेली १ ग्रॅम पूड, १० मिलीलिटर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, पॉलिमर विरघळवणारा द्रव), ६० अंशांवर रात्रभर ढवळून बुडबुडे जाईपर्यंत झाकून ठेवायचं. २१ गेजची बोथट सुई, ड्रम १५ सेंटिमीटरवर, १६ ते १८ किलोव्होल्ट, ताशी १ मिलीलिटर. सुईच्या टोकाशी छोटा शंकू धरून त्यातून एकच धार निघाली की जमलं. थेंब गळत असतील तर आधी पंप कमी करा. व्होल्टेज चढवत गेलात तर शंकू सुईत शिरतो आणि धार फाटते. धाग्यात मणी दिसले तर द्रावण पातळ आहे.

वेग मात्र मुंगीचा. १० मिलीलिटरला १० तास, आणि हाती १ ग्रॅम धागा. २० बाय ३० सेंटिमीटरवर पसरला तर चौरस मीटरला जेमतेम १७ ग्रॅम.

आता हवा. मे महिन्यात खोली कोरडीठाक असते. धाग्यांवरचा विद्युतभार निघून जात नाही, ते ड्रम सोडून पेटीच्या भिंतींवर कोळ्याच्या जाळ्यासारखे लोंबतात. म्हणून कोणी डेझर्ट कूलर लावतं, आणि तासाभरात ओलावा इतका चढतो की सकाळचा पडदा आणि दुपारचा पडदा एकसारखा उरत नाही. जुलैत याच्या उलट: हवेतलं पाणी थेंबावर बसतं, पॉलिमर तिथेच पांढरा होऊन साकळतो आणि सुईला दाढी येते. कूलर बंद, एसी चालू, पेटीत हायग्रोमीटर, आणि ४० ते ५० टक्के ओलावा मिळाल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही.

दार ॲक्रिलिकचं दिलंय, ही ढोबळ चूक आहे. डीएमएफचा शिंतोडा उडाला की तिथे दुधाळ डाग पडतो. काचेचं दार मागून घ्या. रबरी दट्ट्याची सिरिंजही नको. रबर फुगतं, पंप अडतो. काचेची वापरा.

नुसता पडदा धातू फारसा धरत नाही. हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ७० अंशांवर ठेवला की धाग्यातल्या नायट्राइल या रासायनिक गटाचं अमिडॉक्झिम होतं, आणि धातू पकडतं ते हेच. जास्त वेळ ठेवलात तर पडदा ठिसूळ होऊन तुकडे हातात येतात. म्हणून सुरुवातीलाच ड्रमवर फॉइलऐवजी पॉलीप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडावर धागा घ्यावा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या विहिरींतल्या फ्लोराइडसाठी हा पडदा नेऊ नका. फ्लोराइड ऋणभारित असतं, शिसं-तांब्यासारखं धनभारित नाही. त्याला धाग्यात ॲल्युमिना किंवा झिर्कोनियम लागतं.

मशीन बंद केल्यावरही सुईवर भार राहतो, तेव्हा अर्थिंगची दांडी टेकवल्याशिवाय हात घालायचा नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहा.