दुसऱ्या गेटजवळची खानावळ: मटण ताट एक नंबर, टीव्ही बंद करा

जेवणाला साडेचार स्टार, टीव्हीला शून्य, आणि गिऱ्हाइकांच्या बडबडीला किती द्यायचे ते वाचून तुम्हीच ठरवा. बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटकडून आत वळलं की गल्लीत ही घरगुती खानावळ आहे, बाहेर बोर्ड नाही, चपलांचा ढीग दिसला की समजायचं इथंच. मालकाला सगळे मामा म्हणतात, उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, कॉलेजची पोरं, रिक्षावाले, बँकेतली दोन-चार मंडळी, सगळे एकाच लांब बाकावर. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण-चिकन, बाकी दिवशी शाकाहारी, त्यात झुणका चांगला, मटकी यथातथाच.

पण मटण म्हणजे मटण. सुकं वेगळ्या वाटीत येतं, खोबरं आणि तीळ नीट खरपूस भाजून वाटलेले असतात, तेलाचा तवंग उगाच नाही, तुकडा बोटानं सुटतो आणि रस्सा मागाल तेवढा. भाकरी मागच्या बाजूला मावशी चुलीवर करतात. हात धुवायला मागं जाता तेव्हा जरा थांबून बघा, भाकरी तव्यावर पडली की वरनं पाण्याचा हात असा फिरतो की एक थेंब बाहेर जात नाही, पाणी सुकायच्या आत उलटली, मग तवा बाजूला सरकवून निखाऱ्यावर उभी धरली की टम्म. पहिली भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात येते, वाढपी "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारत नाही, सरळ टाकतो. भात मऊ आणि चिकट, रश्श्याला तसाच लागतो.

आता रेट. भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेल्या रेटवर चिकटपट्टीनं कागद लावलेत आणि मटण ताटाच्या कागदाचा कोपरा सुटलाय, त्यामुळं २२० च्या खाली जुना २०० आणि त्याच्याही खाली खरवडलेला १८० दिसतो. मामांनी तो कोपरा नीट चिकटवावा ही माझी मनापासून विनंती आहे, कारण प्रत्येक गिऱ्हाईक जेवायच्या आधी तोच वाचतं. शेवटची वाढ २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर झाली. सप्टेंबरात केंद्रानं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं, तेलाचा डबा महाग झाला, मामांनी २० रुपये चढवले. शिव्या कुणी खाल्ल्या? मामांनी. दिल्लीला शिव्या द्यायला कोण जातंय, समोर गल्ल्यावर मामा बसलेत की. थोडी गिऱ्हाइकं मग पलीकडच्या नव्या हॉटेलात गेली, तिथं ताट १८० ला, मटणाचे तीन तुकडे आणि बाकी बटाटा. मी पण जाऊन आलो, परत जाणार नाही. पण जी गेली ती चव तपासून गेली नव्हती, हा कागद वाचून गेली होती.

हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय कारण इथला सगळ्यात गाजलेला बुधवार म्हणजे ६ नोव्हेंबर २०२४. दिवाळी नुकतीच झालेली, फराळ खाऊन तोंड गोड-गोड झालेली माणसं मटणावर तुटून पडलेली, बाकावर जागा नाही, आणि टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल. त्यांच्याकडं मध्यरात्र उलटून गेली तेव्हा आपल्याकडं जेवणाची वेळ. एकच्या सुमारास ट्रम्प फ्लोरिडात स्टेजवर आला आणि इकडं मामांचा टीव्ही फुल आवाजात. अँकर ओरडतोय, खाली तीन पट्ट्या पळतायत, आणि रस्सा मागायला आपणही ओरडायचं. शून्य स्टार त्याचेच.

तर त्या दिवसापासून ह्या बाकावर "कमला हॅरिस पडली कुणामुळं" हा खटला सुरू झाला तो अजून निकाली लागलेला नाही. एक सुपरवायझर आहेत, त्यांचे जावई न्यू जर्सीत, जावयांना तिथं मतदान नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, तरी सासरेबुवा पेनसिल्व्हेनियाचा निकाल वॉर्डातला असल्यासारखा सांगतात. ते म्हणाले बाई होती म्हणून पाडली. कॉलेजचं पोरगं म्हणालं मस्कचा पैसा. रिक्षावाले दादा म्हणाले त्या म्हाताऱ्यानं खुर्ची सोडायला उशीर केला, आणि हॅरिसच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या जुन्या पुढारी नॅन्सी पलोसीपण जवळपास तेच म्हणाल्या, बायडन आधी बाजूला झाले असते तर बरं झालं असतं म्हणून. २१ जुलैला बायडन बाजूला झाले, मतदान ५ नोव्हेंबरला, साडेतीन महिन्यांत आपल्याकडं ग्रामपंचायतीचं पॅनेल ठरत नाही.

राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले एक सर रोज कोपऱ्यात असतात, ते भाकरी मोडत मोडत एकेकाची हवा काढतात. पैसा म्हणता, मस्कनं २५ कोटी डॉलरच्या वर ओतले खरे, पण हॅरिस बाईंच्या प्रचाराला शंभर कोटी डॉलरच्या वर जमले होते, मग ते कुठं गेले? बाई म्हणून पाडली म्हणता, तर त्याच दिवशी मिशिगन, विस्कॉन्सिन, नेवाडा ह्या तिन्ही ठिकाणी ट्रम्प जिंकला आणि सिनेटला डेमोक्रॅट पक्षाच्या बायका निवडून आल्या. लाट म्हणता, तर ट्रम्पला ४९.८ टक्के आणि हॅरिसना ४८.३, दीड टक्क्याचा फरक, फक्त झुलती सातही राज्यं एकाच बाजूला पडली म्हणून राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांत ३१२ विरुद्ध २२६ दिसलं. सुपरवायझर गप्प झाले. पाच मिनिटं. मग परत जावयाचा फोन.

माझं म्हणणं विचाराल तर मला भिंतीवरचा तो कागद जास्त पटतो. अमेरिकेत महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेला होता आणि निवडणुकीपर्यंत तो अडीचच्या आसपास उतरला, मग डेमोक्रॅट लोक आकडे दाखवत म्हणायचे बघा उतरली की महागाई. अहो दर उतरला, अंडी-किराणा जिथं चढला तिथंच राहिला. मामा पण तेच सांगतात, ह्या वर्षी एक रुपया वाढवला नाही म्हणून, पण गिऱ्हाईक खालचा २०० बघतंय. आणि हॅरिस बाईंना टीव्हीवर विचारलं की बायडनपेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, तर त्या म्हणाल्या तसं काही डोक्यात येत नाही. गल्ल्यावरचा माणूस बदलला आणि कागद तोच ठेवला असं झालं ते. त्या वर्षी गल्ल्यावर बसलेल्या बहुतेकांनी मार खाल्ला, ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष गेला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, दक्षिण आफ्रिकेत मंडेलांच्या पक्षाचं गेलं, आपल्याकडं भाजप २४० वर थांबला. प्रत्येक देशातल्या पंडितांना आपल्याच देशाचं वेगळं कारण सापडलं ते सोडा.

पण खरी मजा सरांनी स्टार काउंटीचं सांगितलं तेव्हा आली. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या अगदी सीमेवरचा भाग, जवळजवळ सगळी वस्ती स्पॅनिश बोलणाऱ्या घरांची, शंभर वर्षांच्या वर तिथं डेमोक्रॅटच, आणि २०२४ ला तिथं ट्रम्प जिंकला. सीमाभाग म्हटल्यावर आख्ख्या बाकाचे कान उभे. पोरगं म्हणालं, म्हणजे आपल्याच लोकांना हाकलून लावणार म्हणणाऱ्याला मत दिलं, खुळे काय ते? आणि रिक्षावाले दादा, जे एरवी एक वाक्य बोलून जेवतात, ते भडकलेच. "आम्हाला पण खुळेच म्हणतात की. समितीला दिलं तर म्हणतात मतं फोडली, न्हाई दिलं तर म्हणतात मराठीला विकलं. आमचं मत काय कुणाच्या बापाचं हाय काय?" (समिती म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात घाला म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती.)

त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही, कारण खरंच आहे. २०२१ ची लोकसभेची पोटनिवडणूक आठवा, समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाच्या वर मतं पडली, भाजप निवडून आला तो जेमतेम पाच हजारांनी. निकालानंतर ज्यानं त्यानं ती लाखभर मतं आपल्या खात्यातली धरून हिशेब मांडला, आमची होती, तुम्ही पळवली. ज्यांनी दिली त्यांना कुणी विचारलं? आणि उलटं बघायचं तर २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेला समितीचा एकही आमदार नाही. २०१८ ला खानापुरात समितीचेच दोन गट समोरासमोर आणि आमदार काँग्रेसचा. तेव्हा मुंबई-पुण्यातून फोन, अरे तुमचा सीमाप्रश्न संपला काय, तुम्ही मराठी ना? अहो एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत जाणारा माणूसच दुसऱ्या दिवशी गटारीसाठी, पाण्यासाठी, पोराच्या हॉस्टेलसाठी कन्नड आमदाराच्या दारात उभा राहतो. दोन्ही खरं असतं. स्टार काउंटीतल्या माणसानं पण गॅस, किराणा, सीमेवरची गर्दी आणि आपली भाषा असं सगळं पोटात घेऊनच बटण दाबलं असणार, मग न्यूयॉर्कमधून त्याला फोन आला असणार.

गाझाचंही तसंच. मिशिगनमधलं डिअरबॉर्न हे अरब लोकांचं मोठं गाव, तिथं रागापोटी हॅरिसना मागं टाकून ट्रम्प पुढं गेला आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनला पण चांगली मतं गेली. लगेच बोंब, ह्यांनीच पाडलं. सरांनी कागदाच्या रुमालावर बेरीज करून दाखवली, आख्ख्या मिशिगनमध्ये फरक ८० हजारांचा, स्टाइनची मतं ४५ हजारांच्या आसपास, सगळी जरी हॅरिसना दिली तरी भागत नाही. २०१६ ला गोष्ट वेगळी होती, तेव्हा मिशिगनचा फरक अकरा हजारांच्या आत होता आणि स्टाइनला ५० हजारांच्या वर होती. पण तेव्हासुद्धा हिलरी बाई पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला प्रचाराला फिरकल्या नाहीत आणि विस्कॉन्सिन हरल्या, त्याचा दोष स्टाइनला कसा देणार?

हे चालू असताना भाकरीवाल्या मावशी कोरड्यास घेऊन आल्या आणि पोरानं त्यांनाच विचारलं, मावशी तुम्हाला इथल्या काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार मिळतात, मग मत हातालाच ना? मावशींची बहीण पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, तिला लाडकी बहीणचे दीड हजार. मावशी म्हणाल्या, "पैसे मिळाले ते घेतले, बस फुकट हाय तर बसते. मत ते मत." आणि ताटात भाकरी टाकून गेल्या. आपल्याकडं २०२३ च्या विधानसभेला बेळगाव ग्रामीणमध्ये काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर दणक्यात निवडून आल्या आणि पुढच्याच वर्षी लोकसभेला त्यांच्या मुलाला लोकांनी घरी बसवून भाजपच्या शेट्टरांना पाठवलं, ते काय वेगळ्या लोकांनी केलं? मिसूरी राज्यात त्याच मतपत्रिकेवर लोकांनी ट्रम्पला निवडलं, गर्भपाताचा हक्क दिला आणि किमान मजुरी वाढवली. त्या तिन्ही गोष्टी एकाच पक्षाच्या झोळीत घालून दाखवा.

सुपरवायझरांचं मात्र एक सांगायलाच पाहिजे. त्या बुधवारी ते जाम खुशीत होते, ट्रम्प चीनवर टॅरिफ लावणार, म्हणजे कास्टिंगच्या ऑर्डरी उद्यमबागेत येणार, असा त्यांचा हिशेब, त्यांनी सगळ्यांना ऑम्लेट पण सांगितलं. पुढच्या ऑगस्टात भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं. तेव्हापासून ते टीव्हीकडं पाठ करून बसतात, आणि दोष विचारला तर दिल्लीला देतात. ऑम्लेटचे पैसे कुणी मागितले नाहीत.

मामा स्वतः ह्या सगळ्यात काही बोलत नाहीत, पण पलीकडच्या हॉटेलात गेलेल्या गिऱ्हाइकांचा विषय निघाला की म्हणतात "लोकांना चवच कळत न्हाई". मला वाटतं मामांनी हे बोलू नये. चव सगळ्यांना कळते, महिनाअखेर पण कळते. अमेरिकेतले डावे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्याच बाजूच्या डेमोक्रॅटांना सुनावलं होतं की कामगाराला तुम्ही सोडलं, मग कामगारानं तुम्हाला सोडलं तर नवल काय, तसं कुणीतरी मामांना सांगायला पाहिजे. शनिवारचं साधं ताट, झुणका-भाकरी-ठेचा, थोडं स्वस्त केलं तर पोरं परत येतील. मी सांगून बघितलं, "बघू की" म्हणाले.

बाकी तक्रारी किरकोळ. हात धुवायचा नळ ठिबकतो, कांदा जाड चिरतात, दीडनंतर सुकं संपतं आणि मग रश्श्यातलेच तुकडे काढून वाढतात, ते ओळखू येतं. फोन पे चालतं पण स्पीकर टीव्हीच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून स्क्रीन दाखवूनच निघा. गाडी गेटकडं लावू नका, रेल्वे आली की अडकाल. शांत जेवायचं असेल तर साडेबाराला जा, वाद ऐकायचा असेल तर एकनंतर. पार्सल नेणार असाल तर डबा घरून न्या, नाहीतर प्लास्टिकच्या डब्याचे दहा रुपये वेगळे लावतात.